ऊसतोडीचा हंगाम आणि समाजकार्याचं वेळापत्रक

दिवाळी सरली की बीड जिल्ह्यातली गावं रिकामी व्हायला लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी बिऱ्हाड ट्रॅक्टरात घालून पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या उसाच्या फडांकडे निघतात, ती मार्च-एप्रिलशिवाय परतत नाहीत. काही मुलं त्यांच्याबरोबर जातात, काही आजी-आजोबांपाशी मागे राहतात, काहींची सोय हंगामी वसतिगृहात होते. नेमक्या याच महिन्यांत राज्यातल्या समाजकार्य महाविद्यालयांचं क्षेत्रकार्य भरात असतं. पावसाळ्यात प्रवेश, मग आठवड्यातले दोन दिवस एखाद्या संस्थेत किंवा सरकारी कार्यालयात काम, हिवाळ्यात आठ-दहा दिवसांचं ग्रामीण शिबिर आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परीक्षा, असा समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या, म्हणजे एमएसडब्ल्यूच्या, वर्षाचा साधारण क्रम असतो. बालकल्याणाची यंत्रणा ज्या मुलांसाठी उभी आहे, त्यांचे आईवडील गावात नसताना शिकाऊ समाजकार्यकर्ता गावात येतो, आणि ते परततात तेव्हा तो परीक्षेच्या अभ्यासाला लागलेला असतो. ही गोष्ट वरवर वेळापत्रकाची, म्हणून किरकोळ वाटेल. मला मात्र वाटतं की ग्रामीण बालकल्याणातलं क्षेत्रकार्य निष्फळ ठरण्याचं मुख्य कारण हेच आहे. विद्यार्थी आळशी नसतात, प्राध्यापकही उदासीन नसतात. सलग राहणं, गावाच्या हंगामानुसार राहणं आणि एका तुकडीने पाहिलेली घरं पुढच्या तुकडीच्या हाती सोपवणं, या तीन गोष्टी नसल्यामुळे त्यांच्या कष्टाचं चीज होत नाही.

हे पटायचं तर आधी यंत्रणा कशी चालते ते पाहायला हवं. 2015 चा बाल न्याय कायदा 15 जानेवारी 2016 पासून लागू झाला. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं मूल सापडलं, तर प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांच्या आत त्याला बालकल्याण समितीपुढे हजर करावं लागतं. समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, त्यांत किमान एक महिला असते, आणि महिन्यातून किमान वीस दिवस समितीने बसायचं असतं. समितीला घराघरांत जाता येत नाही. तिचे हातपाय म्हणजे जिल्हा बाल संरक्षण कक्ष. या कक्षात जिल्हा बाल संरक्षण अधिकारी, दोन संरक्षण अधिकारी, समुपदेशक, विधी व परिवीक्षा अधिकारी आणि थोडेसे क्षेत्रीय कर्मचारी असतात. सामाजिक कार्यकर्त्यांची पदं संपूर्ण जिल्ह्याला अवघी दोन. बीडमध्ये अकरा तालुके आणि हजाराहून अधिक ग्रामपंचायती आहेत, हे लक्षात घेतलं की ‘दोन’ या आकड्याचा अर्थ कळतो. कागदावर प्रत्येक गावात ग्राम बाल संरक्षण समिती आहे. सरपंच तिचे अध्यक्ष, अंगणवाडी सेविका सदस्य-सचिव. पण सेविकेकडे पोषण आहार, वजन-उंचीच्या नोंदी, लसीकरणाच्या याद्या आणि मोबाइलवर भरायची माहिती यांचाच इतका भार असतो की या समितीचं इतिवृत्त बहुतेक वेळा कुणीतरी आठवण केली की लिहिलं जातं.

या साखळीतला सगळ्यात नाजूक दुवा म्हणजे सामाजिक तपासणी अहवाल. मूल समितीपुढे आलं की त्याच्या घराची, नातेवाइकांची, शाळेची, आर्थिक स्थितीची चौकशी पंधरा दिवसांत पूर्ण व्हावी असं कायदा सांगतो. मूल घरी जाईल, मामाकडे जाईल, की बालगृहात राहील, हे या अहवालावर ठरतं. संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, हे तत्त्व कायद्याच्या तिसऱ्याच कलमात आहे, आणि त्यामागे केवळ भावना नाही. रुमानियातल्या बुखारेस्टमध्ये अनाथालयांतल्या 136 मुलांचा दीर्घकाळ अभ्यास झाला. त्यांतली काही मुलं चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने निवडून पालक-कुटुंबांत ठेवली, बाकीची संस्थांमध्येच राहिली. कुटुंबात गेलेल्या मुलांची बौद्धिक वाढ सरस झाली, आणि जी लहान वयात गेली त्यांची सर्वांत जास्त. 2007 मध्ये हे निष्कर्ष ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. म्हणजे घर टिकवता येईल का, या प्रश्नाचं खरं उत्तर मिळवण्यावर मुलाची पुढची अनेक वर्षं अवलंबून असतात. आणि हे उत्तर एका गृहभेटीत मिळत नाही. पहिल्या भेटीत घर झाडलेलं असतं, शेजारीण दारात येऊन उभी असते आणि आजी ‘सगळं बरं आहे’ म्हणते. आजीला रात्री दिसत नाही, चुलता दारू पिऊन आला की मुलगी शेजारी झोपायला जाते, आईने दुसरं लग्न केलं असलं तरी ती दर महिन्याला गुपचूप पैसे धाडते, या गोष्टी तिसऱ्या-चौथ्या भेटीत कळतात, तेही विचारणारी व्यक्ती ओळखीची झाली असेल तरच. दोन कार्यकर्त्यांना जिल्हाभर फिरून तिसरी भेट देता येणं अशक्य आहे. प्रशिक्षणार्थी विद्यार्थ्याचा उपयोग कुठे असेल तर तो इथेच.

दुसरं उदाहरण बालसंगोपन योजनेचं. आई किंवा वडील गेलेल्या, किंवा आजारपण, तुरुंगवास, घटस्फोट अशा कारणांनी ज्यांचं घर मोडलं आहे त्या मुलांना संस्थेत न घालता कुटुंबातच वाढवता यावं, यासाठी राज्य सरकार महिन्याला 2,250 रुपये देतं. आधी ही रक्कम 425 होती, मग 1,100 झाली. केंद्राच्या मिशन वात्सल्यमधून प्रायोजकत्वापोटी 4,000 रुपये मिळू शकतात. पैसे आहेत, पण ते मिळवायला मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शाळेचं बोनाफाईड, आधार, बँकखातं आणि समितीचा आदेश इतकं सगळं जुळावं लागतं. कोविडनंतर हे ठळकपणे दिसलं. दोन्ही पालक गमावलेली मुलं सरकारच्या आणि वर्तमानपत्रांच्या नजरेत आली. एक पालक गमावलेली मुलं त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त होती, आणि त्यांच्या विधवा आयांना तहसील आणि जिल्ह्याच्या ठिकाणी हेलपाटे घालावे लागले. दिवसाची मजुरी बुडवून केलेला एकेक हेलपाटा त्या 2,250 रुपयांतून आधीच वजा झालेला असतो. जिथे कार्यकर्ते दारोदार गेले तिथे अर्ज भरले गेले. विद्यार्थ्याने या कामात अर्ज भरून देणं ही मदत आहेच, पण शिक्षण त्याहून पुढचं आहे. कुठला दाखला कुठे अडतो, का अडतो, आणि अडवणारा माणूस स्वतः कशात अडकला आहे, हे पाहिल्यावर समाजकल्याण प्रशासनाचं जे आकलन होतं ते त्या विषयाच्या पेपरातून होत नाही.

तिसरा आणि सर्वांत अवघड प्रांत बालविवाहाचा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीनुसार महाराष्ट्रात 20 ते 24 वयोगटातल्या 21.9 टक्के स्त्रियांचं लग्न अठराव्या वर्षाआधी झालं होतं. परभणी जिल्ह्यात हे प्रमाण 48 टक्के आणि बीडमध्ये सुमारे 44 टक्के होतं. हे केवळ परंपरेचं ओझं म्हणून सोडून देता येत नाही. ऊसतोडीत नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता, एकटा माणूस म्हणजे अर्धा. लग्न झालं की उचल वाढते, हा हिशेब मुलाच्या घरात होतो. मुलीच्या घरात वेगळा हिशेब होतो. वयात आलेली पोर सहा महिने गावात कुणाच्या भरवशावर ठेवायची, आणि फडावर उघड्या खोपीत नेऊन तिला सांभाळायचं कसं? म्हणून लग्नं टोळी निघण्याआधी उरकली जातात किंवा परतल्यावर उन्हाळ्यात. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास प्रशासन डोळ्यांत तेल घालून असतं. 1098 या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन येतो, बालविवाह प्रतिबंधक अधिकारी या नात्याने ग्रामसेवक आणि त्यांच्याबरोबर पोलीस जातात, मांडव उतरतो, आईवडिलांकडून हमीपत्र लिहून घेतलं जातं, आणि एक बालविवाह रोखल्याची बातमी येते. त्यानंतर त्या मुलीचं काय होतं, हे विचारायला बहुधा कुणी जात नाही. ती परत शाळेत गेली का, घरातल्यांनी तिचं बोलणं बंद केलं का, दोन महिन्यांनी दुसऱ्या तालुक्यातल्या देवळात लग्न लावून दिलं का, हे त्या घरी चार-सहा वेळा गेल्याशिवाय कळत नाही. आणि हा काळ एप्रिल ते जूनचा असतो, म्हणजे विद्यार्थी गावात नसण्याचा.

आठवड्यातले दोन दिवस ही पद्धत आपल्याकडे कुठून आली, तेही पाहावं. भारतातली समाजकार्याची पहिली व्यावसायिक शाळा 1936 मध्ये मुंबईत नागपाड्याला सर दोराबजी टाटा यांच्या नावाने सुरू झाली. क्लिफर्ड मॅनशार्ट तिचे पहिले संचालक होते. तीच पुढे टाटा समाजविज्ञान संस्था झाली. म्हणजे हे शिक्षण शहरात जन्मलं, आणि शहरात ही पद्धत उत्तम बसते. सकाळी लोकल पकडावी, रुग्णालयात, वस्तीत किंवा बालगृहात काम करावं, संध्याकाळी घरी येऊन अहवाल लिहावा, दुसऱ्या दिवशी वर्गात बसावं. तेच वेळापत्रक मराठवाड्यातल्या किंवा मेळघाटातल्या गावाला लावलं की दिवस एसटीच्या वेळांत संपतो. सकाळची गाडी पोहोचते तेव्हा बायका शेतात गेलेल्या असतात, आणि त्या परतायच्या आत शेवटची गाडी निघालेली असते. मग विद्यार्थी जे करता येतं ते करतो. कार्यालयात बसून नोंदवह्या उतरवतो, ऑनलाइन माहिती भरतो, प्रभातफेरी काढतो, फलक धरून छायाचित्र काढतो. अहवालाची पानं भरतात. टाटा संस्थेने तुळजापुरात आवार उभारलं त्यामागे ग्रामीण भागात राहूनच हे शिक्षण द्यावं हा विचार होता, आणि तो योग्यच होता. पण बहुसंख्य महाविद्यालयांना तेवढी साधनं नाहीत. अर्थात शहरातही मोठं काम झालं ते ठरावीक तास मोडूनच. आज देशभर ज्या क्रमांकावर मुलांसाठी मदत मागितली जाते तो 1098 हा क्रमांक 1996 मध्ये मुंबईत याच संस्थेच्या क्षेत्रीय प्रकल्पातून सुरू झाला. जेरू बिलिमोरिया आणि त्यांचे सहकारी रेल्वे स्थानकांवरच्या आणि रस्त्यांवरच्या मुलांमध्ये सतत वावरत होते, म्हणूनच या मुलांना मदत रात्री-अपरात्री लागते आणि तेव्हा सगळी कार्यालयं बंद असतात, हे त्यांना दिसलं. आठवड्यातून दोनदा, कार्यालयीन वेळेत येणाऱ्याला ते दिसलं नसतं.

म्हणून माझं म्हणणं असं. पहिल्या वर्षाची परीक्षा थोडी आधी घेऊन एप्रिलच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत चार महिन्यांचं सलग क्षेत्रकार्य ठेवावं. टोळ्या परतण्याचा, लग्नसराईचा आणि जूनच्या मध्याला शाळा उघडण्याचा काळ त्यात येतो. जोडीला ऑक्टोबरमध्ये एक पंधरवडा असावा, टोळ्या निघण्याआधी प्रत्येक घरातलं कुठलं मूल कुणाकडे राहणार, कुणाचं नाव वसतिगृहाच्या यादीत यायला हवं, हे लिहून घेण्यासाठी. दोन विद्यार्थ्यांना पाच-सहा गावं द्यावीत आणि तीच गावं निदान पाच वर्षं त्या महाविद्यालयाकडे राहावीत. जाणाऱ्या तुकडीने येणाऱ्या तुकडीला घराघरात नेऊन ओळख करून द्यावी आणि मगच तिचे गुण नोंदवले जावेत. फडावर गेलेल्या मुलांसाठी कोल्हापूर-सांगलीकडच्या महाविद्यालयांशी जोडी बांधता येईल, म्हणजे हिवाळ्यात तिकडचे विद्यार्थी त्याच मुलांना भेटतील आणि माहिती जिल्हा बाल संरक्षण कक्षांमार्फत इकडे येईल. नव्या शैक्षणिक धोरणानंतर पदव्युत्तर अभ्यासक्रमात प्रत्यक्ष कामाच्या अनुभवाला श्रेयांक मिळू लागले आहेत, त्यामुळे विद्यापीठाच्या नियमांत ही गोष्ट बसवणं पूर्वीइतकं कठीण राहिलेलं नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा की अर्धवट शिकलेल्या मुलामुलींना आधीच दुखावलेल्या बालकांजवळ इतका काळ सोडणं धोक्याचं आहे. हा आक्षेप मी हलका मानत नाही. बावीस-तेवीस वर्षांच्या विद्यार्थिनीला एखादी मुलगी विश्वासाने आपल्यावरच्या अत्याचाराबद्दल सांगू लागली, तर काय करायचं हे तिला आधीच ठाऊक असलं पाहिजे. पोक्सो कायद्याच्या 19 व्या कलमाप्रमाणे अशी माहिती मिळालेल्या प्रत्येकावर ती पोलिसांना कळवण्याचं बंधन आहे, विद्यार्थ्यावरही. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन मुलाला देता येत नाही, आणि खोदून खोदून विचारायचंही नसतं. बाल न्याय कायद्याचं 74 वं कलम मुलाची ओळख उघड करायला मनाई करतं. त्यामुळे छायाचित्रं, व्हॉट्सअ‍ॅपवरचे संदेश आणि अहवालातली खरी नावं हे सगळं बंद व्हायला हवं, आणि आज ते पुरेसं बंद नाही. यासाठी निघण्यापूर्वी आठवडाभराची कसून तयारी आणि दर आठवड्याला पर्यवेक्षकाची प्रत्यक्ष भेट लागेल. पण या आक्षेपाचा तर्क शेवटपर्यंत नेला तर तो आजच्या पद्धतीविरुद्धच जातो. दहा दिवसांच्या शिबिरात मुलांना खेळ शिकवून, जीव लावून निघून जाणारे विद्यार्थी मुलांच्या हाती काय ठेवतात? आधीच माणसं गमावलेल्या मुलाला आणखी एक माणूस आला आणि गेला, एवढंच कळतं. जाण्याचा दिवस आधीपासून सांगितलेला असणं आणि पुढे येणाऱ्या ताईची ओळख झालेली असणं, यामुळे हे दुखणं पुरतं जात नाही, पण मूल अधांतरी राहत नाही. समुपदेशन प्रशिक्षित समुपदेशकानेच करावं. विद्यार्थ्याचं काम घरी जाणं, पाहणं, लिहिणं आणि पुन्हा जाणं हे आहे.

दुसरा आक्षेप मला अधिक टोचतो. सरकारला फुकटचे हात मिळाले की रिकामी पदं भरायची घाई कोण करेल? समाजकार्याला आपल्याकडे अजून स्वतंत्र वैधानिक परिषद नाही, जशी वकिलांना किंवा परिचारिकांना आहे, त्यामुळे या व्यवसायाची किंमत पाडणं सोपं आहे. बाल संरक्षण कक्षातले कर्मचारीही कंत्राटी आहेत, वर्षानुवर्षं तुटपुंज्या मानधनावर. विद्यार्थ्यांच्या जोरावर हेच रेटत नेलं गेलं तर आज शिकणाऱ्यांना उद्या नोकरी मिळणार नाही. म्हणून अट स्पष्ट हवी. सामाजिक तपासणी अहवालावर सही नेमलेल्या कार्यकर्त्याचीच असावी आणि त्याने किमान एक भेट स्वतः द्यावी, विद्यार्थ्याच्या नोंदी त्याला जोडल्या जाव्यात. ज्या जिल्ह्यात सामाजिक कार्यकर्त्यांची मंजूर पदं रिकामी आहेत तिथे महाविद्यालयांनी विद्यार्थी पाठवूच नयेत. ही अट कठोर आहे आणि तिची झळ त्या जिल्ह्यातल्या मुलांना बसेल, हे मला मान्य आहे. तरीही पर्यवेक्षकच नसलेल्या ठिकाणी विद्यार्थ्याला पाठवणं म्हणजे त्याला आणि मुलांना दोघांनाही वाऱ्यावर सोडणं आहे.

उरतो प्रश्न मुलींच्या सुरक्षिततेचा आणि पैशांचा. समाजकार्य शिकणाऱ्यांत मुली मोठ्या संख्येने आहेत आणि पालक चार महिने अनोळखी गावात राहायला सहजी पाठवणार नाहीत. त्यामुळे मुक्काम खेड्यात एकटीने नसावा, तालुक्याच्या ठिकाणी किंवा मोठ्या गावातल्या शासकीय वसतिगृहात दोघी-दोघींनी असावा. तिथून पाच-सहा गावं आवाक्यात राहतात आणि संध्याकाळी उशिरा गृहभेट असेल तेव्हा आशाताई किंवा सेविका बरोबर असते. खर्चाचं म्हणाल तर मार्च 2023 पासून महिलांना एसटीचं तिकीट अर्ध्या दरात मिळतं. पण खोली, जेवण आणि मुलग्यांचा पूर्ण प्रवासखर्च उरतोच, आणि आज तो विद्यार्थी स्वतःच्या खिशातून करतात. त्यांतले कितीतरी जण स्वतः शेतमजुरांच्या आणि ऊसतोड कामगारांच्या घरातून शिकायला आलेले आहेत, जी उन्हाळी मजुरी ते फीसाठी धरतात तीच या चार महिन्यांत बुडेल. विद्यावेतनाशिवाय ही योजना मांडणं त्यांच्यावर अन्याय ठरेल. जिल्हा वार्षिक योजनेतला 3 टक्के निधी महिला व बालविकासासाठी राखून ठेवण्याची तरतूद महाराष्ट्रात आहे, आणि एका तालुक्यात दोन-चार विद्यार्थ्यांचं विद्यावेतन त्यातून सहज निघू शकतं. त्यासाठी महाविद्यालय आणि जिल्हा महिला व बालविकास अधिकारी यांनी मिळून, गावांची आणि पर्यवेक्षकांची नावं घालून, जिल्हा नियोजन समितीपुढे प्रस्ताव ठेवावा लागेल, आणि पुढच्या आर्थिक वर्षाचे आराखडे हिवाळ्यातच ठरत असल्याने तो दिवाळीच्या सुट्टीआधी तयार असावा लागेल.